पाहुण्यांसाठीचा कपसेट

एकेकाळी मराठी मध्यमवर्गीय घराच्या बाहेरच्या खोलीत एक काचेचं कपाट असे. त्याला शोकेस म्हणत. त्यात पाहुण्यांसाठीचा कपसेट असे, आणि त्यातून एकाही पाहुण्याला कधी चहा मिळालेला नसे. शेजारी प्लॅस्टिकचा ताजमहाल, मान डोलावणारी बाहुली, थोरल्याने तिसरीत लिंबू-चमच्यात मिळवलेला करंडक आणि दुबईच्या मेव्हण्याने आणलेली, केव्हाच रिकामी झालेली अत्तराची बाटली. रोजचा चहा कान उडालेल्या कपातून होई आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नसे. शोकेसचा कायदाच तसा आहे: जे काचेआड आहे ते वापरायचं नाही आणि जे वापरायचं आहे ते काचेआड ठेवायचं नाही. आता हेच कपाट 136 हेक्टरांचं करा, कपबश्यांच्या जागी डुकरं, ट्रॅक्टर आणि अग्निबाण मांडा, वरून सोन्याचा मुलामा द्या आणि किल्ली सरकारच्या कनवटीला लावा, की मॉस्कोच्या उत्तर भागातलं ते सोव्हिएत प्रदर्शन-उद्यान तयार. 1939 साली ते अखिल सोव्हिएत कृषी प्रदर्शन म्हणून जन्माला आलं. 1959 मध्ये त्याचं बारसं पुन्हा झालं आणि राष्ट्रीय अर्थव्यवस्थेच्या यशाचं प्रदर्शन असं भारदस्त नाव पडलं. रशियन आद्याक्षरांत ते ‘वे-दे-एन-खा’. मराठी कानाला शेवटचं ‘खा’ थेट आज्ञार्थी वाटतं, आणि शेतीतून उगवलेल्या प्रदर्शनाला ते शोभतंही. फक्त ती आज्ञा पाळायला प्रदर्शनाबाहेरच्या दुकानात रांग लावावी लागे.

या उद्यानाबद्दल शहाणी माणसं सहसा एकच वाक्य बोलतात: हे सगळं खोटं होतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. शोकेस खोटं बोलूच शकत नाही, कारण घरात काय आहे हे सांगण्याचं काम त्याने कधी पत्करलेलंच नसतं. घराला आपण कसं दिसावं असं वाटतं, एवढंच ते सांगतं, आणि त्या बाबतीत त्याच्याइतका सरळ साक्षीदार सापडणार नाही. सरकारी आकडे फिरवता येतात, इतिहासाची पुस्तकं नव्याने छापता येतात, फोटोतली माणसं पुसता येतात (त्या देशात या कलेने फार उंची गाठली होती), पण कपाटातून काय उचललं आणि त्या जागी काय ठेवलं, याची खूण धुळीत राहतेच. म्हणून रशियाचा गेल्या 80-85 वर्षांचा मनोव्यापार समजून घ्यायचा असेल तर हे उद्यान वाचावं. त्याची ती बदनाम अविश्वासार्हताच इथे कामाला येते.

पहिला पुरावा मुहूर्ताचा. प्रदर्शन 1937 मध्ये, क्रांतीच्या विसाव्या वाढदिवसाला उघडायचं ठरलं होतं. लाकडी मंडपांची तात्पुरती मांडणी, असा मूळ बेत. मुहूर्त टळला. पाहुणे येऊ घातलेत आणि घर आवरून झालेलं नाही, हा प्रसंग कुठल्याही गृहिणीला ठाऊक आहे. पण इथे घर आवरणारेच एकेक करून नाहीसे होत होते. शेतीचे मंत्री चेर्नोव 1937 मध्ये पकडले गेले आणि पुढच्या वर्षी गोळी घालून मारले गेले. प्रदर्शनाचे मुख्य वास्तुरचनाकार ओल्तार्झेव्स्की यांची 1938 मध्ये उत्तर ध्रुववृत्तापलीकडच्या व्होर्कुताच्या छावणीकडे रवानगी झाली. अखेर 1 ऑगस्ट 1939 ला फीत कापली तेव्हा मधल्या चौकात स्टालिनचा सुमारे 25 मीटर उंच पुतळा उभा होता. या कपाटात गाय ठेवायची तर तिने दुधाचा ठरलेला आकडा गाठलेला असावा लागे, शेताला पिकाचा. सामुदायिक शेतांसाठी इथे निवड होणं हाच मोठा मान. 1941 मध्ये इवान पिर्येव यांनी यावर एक चित्रपटही काढला: डुकरं पाळणारी उत्तरेकडची मुलगी आणि दागेस्तानचा मेंढपाळ या प्रदर्शनात भेटतात आणि प्रेमात पडतात. बघण्याचा कार्यक्रम कांदेपोह्यांऐवजी वराहपालनाच्या मंडपात, एवढाच फरक. चित्रपट पडद्यावर आला तोवर जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीवर होतं आणि खरं प्रदर्शन काही महिन्यांपूर्वीच बंद झालेलं होतं. पण पडद्यावर ते लखलखत राहिलं. शोकेसचंही शोकेस करता येतं, हा शोध तिथला.

युद्धानंतर कपाट नव्याने बांधलं गेलं आणि 1 ऑगस्ट 1954 ला पुन्हा उघडलं. आज पर्यटक ज्याचे फोटो काढतात ते बहुतेक सगळं या दुसऱ्या खेपेचं. मुख्य मंडपाचा कळस जवळजवळ 97 मीटरांवर गेलेला. प्रवेशद्वाराच्या कमानीवर गव्हाची पेंढी डोक्यावर धरलेली सोनेरी जोडी. युक्रेनच्या मंडपाच्या दारावर कणसाफळांची अशी दाटी की आत जायला विळा लागावा. सशांच्या मंडपालाही असा थाट की कुणा सरदाराने ससे पाळले असावेत. मध्यभागी ‘जनमैत्री’ कारंजं: गव्हाच्या प्रचंड पेंढीभोवती 16 सोनेरी स्त्रिया, प्रत्येक प्रजासत्ताकाची एक. सोळाव्या स्त्रीकडे आपल्याला नंतर यायचंच आहे. तूर्त एवढंच पाहा की हा सगळा दागिन्यांचा सोहळा 1954 चा, आणि 1955 च्या नोव्हेंबरात ख्रुश्चेव्हच्या सरकारने फर्मान काढलं की बांधकामातली अनावश्यक नक्षी आणि डामडौल बंद. म्हणजे नवरी शालू नेसून बोहल्यावर उभी आणि सासरच्यांनी सांगितलं, आमच्याकडे सुतीच चालतं. आता करायचं काय? पाडणं खर्चाचं. मग वोल्गाकाठच्या प्रदेशाच्या मंडपाच्या आणि अझरबैजानच्या मंडपाच्या दर्शनी नक्षीवर पत्र्याचं आधुनिक आवरण चढवण्यात आलं. पहिला रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सचा मंडप झाला, दुसरा संगणकांचा. प्रजासत्ताकांच्या पाट्या उतरल्या आणि उद्योगधंद्यांच्या चढल्या. आत वस्तू बदलल्या, बाहेर पत्रा बदलला, आणि पत्र्यामागे जुना शालू घडी न मोडता तसाच उभा राहिला. यापेक्षा प्रामाणिक दस्तऐवज कुठल्या मंत्रालयात मिळेल?

यावर पहिला आक्षेप येणार तो पोटेम्किनचा. 1787 साली महाराणी कॅथरीन क्रायमियाच्या दौऱ्यावर निघाल्या तेव्हा त्यांच्या मर्जीतल्या पोटेम्किनने नदीकाठी रंगवलेल्या खोट्या खेड्यांच्या भिंती उभ्या केल्या, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. इतिहासकारांना ती बरीचशी फुगवलेली वाटते, पण ज्या गोष्टीतून वाक्प्रचार निघाला ती इतिहासकारांना कोण परत करतो? तर आक्षेप असा, की हे उद्यान म्हणजे पोटेम्किनचं खेडंच. नाही. पोटेम्किनच्या भिंतीमागे काही नसतं, इथे मंडपात शिरलं की खरंखुरं डुक्कर असे, आणि तेही तुमच्या-आमच्यापेक्षा सुदृढ. कपसेट मातीचा नव्हता, चिनी मातीचाच होता. फक्त तो एकच होता. 70-80च्या दशकांत मॉस्कोच्या आसपासच्या गावांतले लोक सॉसेज आणायला आगगाडीने राजधानीत येत, आणि लांबलचक, हिरवं, सॉसेजचा वास मारणारं काय, या कोड्याचं उत्तर ‘आगगाडी’ असं होतं. ज्या देशात गाडीला सॉसेजचा वास येतो त्या देशाने मांस उद्योगाचा मंडप उभारून त्याच्या माथ्यावर दांडग्या बैलाचा पुतळा चढवला, तर ती लबाडी नव्हे. ती मनातली काळजी आहे, बैलाच्या आकाराची. माणूस कशाला घाबरतो हे तो कशाची बढाई मारतो त्यावरून कळतं. आपल्याकडे त्या काळी ‘सोव्हिएत देश’ नावाचं गुळगुळीत कागदाचं मासिक येत असे. त्यातले हसरे ट्रॅक्टरचालक किती जणांनी वाचले ते सांगणं अवघड आहे, पण शाळेच्या पुस्तकांना आणि वह्यांना त्याची कव्हरं उत्तम बसत. मजकूर विसरला गेला, कागद कामाला आला. शोकेसची ती निर्यात-आवृत्तीच म्हणायची.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि त्याला हसत उत्तर देता येत नाही. 1932-33 च्या दुष्काळात युक्रेन, कझाकस्तान, वोल्गाकाठ आणि उत्तर कॉकेशसमध्ये लाखो माणसं उपाशी मेली; सामुदायिक शेतीची सक्ती आणि धान्याची वसुली हे त्याचं मोठं कारण. त्यानंतर सहाच वर्षांनी त्याच शेतीचं यश म्हणून युक्रेनचा मंडप सजवायचा, याला शोकेस म्हणून गोंजारणं क्रूर नाही का? आहे. कपसेटची उपमा इथे तोकडी पडते, कारण कुठल्याही गृहिणीने कपाट सजवण्यासाठी घरातल्यांना उपाशी ठेवलेलं नाही. पण माझा मुद्दा याने ढासळत नाही, उलट अधिक काळा होतो. दुष्काळाचा उल्लेखही जिथे निषिद्ध होता, तिथे कणसांच्या त्या अतोनात गर्दीनेच त्याची नोंद ठेवली आहे. ज्या घरात जेवून-खाऊन तृप्त माणसं असतात त्या घराला दारावर एवढी कणसं कोरावीशी वाटत नाहीत.

तिसरा आक्षेप अभिमानी लोकांचा: सगळंच काही काळजीपोटी नव्हतं, अंतराळ तर खरं होतं! हो, होतं. पहिला उपग्रह, पहिली कुत्री, पहिला माणूस, पहिली स्त्री, सगळं खणखणीत. आणि म्हणूनच अंतराळाची गत बघण्यासारखी आहे. त्याला स्वतःचा मंडप मिळाला नाही. यंत्रशेतीसाठी बांधलेल्या जुन्या मंडपात, जिथे एकदा ट्रॅक्टर उभे होते तिथे, त्याची सोय लावली गेली. दारासमोर, जिथे एके काळी स्टालिनचा पुतळा होता त्याच चौकात, 60च्या दशकाच्या अखेरीस ‘वोस्तोक’ अग्निबाणाची प्रतिकृती उभी राहिली. एक उंच वस्तू गेली, दुसरी आली; कपाटात मधला खण मोकळा ठेवत नसतात. मग 1991 आलं, देश गेला, आणि 1992 मध्ये उद्यानाला अखिल रशियन प्रदर्शन केंद्र असं कोरडं नाव मिळालं. मंडप भाड्याने गेले. टीव्ही, फर कोट, शेगडीवरचं मांस, जे विकेल ते. अंतराळाच्या मंडपात, त्या भव्य काचेच्या घुमटाखाली, बागकामाचं बी-बियाणं आणि रोपं विकली जाऊ लागली. या गोष्टीवर रशियात अनेकांनी अश्रू ढाळले, आणि ते समजण्यासारखंही आहे. मला मात्र वाटतं की त्या उद्यानाच्या आयुष्यातला तोच सगळ्यांत सरळ काळ. कृषी प्रदर्शन म्हणून बांधलेल्या जागेत शेवटी माणसं काकडीचं बी घ्यायला आली, पैसे मोजले आणि घरी जाऊन लावलं. शोकेसमधल्या कपातून कुणीतरी एकदाचा चहा प्यायला. घराला पाहुण्यांची पर्वा उरली नव्हती, कारण घर कुणाचं हेच ठरलेलं नव्हतं.

असं शोकेस कुठल्या देशात नसतं, हा चौथा आक्षेप, आणि यात तथ्य आहे. ही खोड सोव्हिएत राजवटीने शोधली असंही नाही. उद्यानापासून चालत जाण्याच्या अंतरावर ओस्तान्किनोचा राजवाडा आहे, अठराव्या शतकाच्या अखेरीस काउंट शेरेमेत्येव यांनी बांधलेला. सगळा लाकडाचा, पण गिलावा आणि रंग असा की दगड आणि संगमरवर वाटावा. मध्यभागी नाटकगृह, नट-नट्या म्हणजे मालकाचे वेठबिगार. जागा अशी रचलेली की नाटक संपलं की थोड्या वेळात प्रेक्षागृहाचं नृत्यगृह व्हावं. पोकळ खांब सरकवता येत. काउंटने पुढे आपल्या वेठबिगारांतल्याच गायिकेशी, प्रास्कोव्याशी, लग्न केलं, म्हणजे त्याच्यापुरतं तरी रंगमंचावरचं खरं ठरलं. आणि बाहेरच्या जगात तर 1937 सालीच पॅरिसच्या प्रदर्शनात सोव्हिएत आणि जर्मन मंडप समोरासमोर उभे ठाकले होते. इकडे शिल्पकार वेरा मुखिना यांची पोलादी जोडी, कामगार आणि शेतकरीण, हातोडा-विळा उगारून झेप घेणारी, सुमारे 24 मीटर उंच. तिकडे हिटलरचा वास्तुरचनाकार श्पेअर याच्या मनोऱ्यावर गरुड. श्पेअरने आठवणींत कबूल केलं आहे की सोव्हिएत मंडपाचा गुप्त आराखडा त्याच्या नजरेस पडला होता आणि त्यावर मात करेल असा आपला मंडप त्याने आखला. समोरच्या फ्लॅटमध्ये कोणतं शोकेस बसलं हे दाराच्या फटीतून बघून सुताराला ऑर्डर देणारे लोक ओळखीचे वाटतील. परीक्षकांनी दोन्ही मंडपांना सुवर्णपदक दिलं. सोसायटीच्या रांगोळी स्पर्धेतही चेअरमन आणि सेक्रेटरीच्या सुना असतील तर असाच निकाल लागतो.

फरक एवढाच आहे, आणि माझ्या मते तो निर्णायक आहे, की पॅरिसचं प्रदर्शन सहा महिन्यांत उठलं. पाहुणे गेले की कपसेट पुसून खोक्यात जातो, ही जगाची रीत. मॉस्कोत पाहुणे जातच नाहीत. ती पोलादी जोडी तुकडे करून मॉस्कोला परत आणली गेली आणि उद्यानाच्या उत्तर दाराशी इतक्या बुटक्या चौथऱ्यावर चढवली की मुखिनाबाई शेवटपर्यंत नाराज होत्या. 2003 मध्ये ती डागडुजीसाठी उतरवली. दुरुस्तीला दिलेला मिक्सर जसा दुकानात तुकड्यांच्या रूपाने वर्षानुवर्षं भेटत राहतो, तसे तिचे भाग सहा वर्षं पडून राहिले. 2009 च्या अखेरीस ती एकदाची पॅरिससारख्या उंच मंडपावर चढली. आसपासचं सगळं जणू याच एका कपाटाचे वाढीव खण आहेत. अंतराळविजेत्यांचं 107 मीटर उंच, टायटॅनियमने मढवलेलं स्मारक 4 नोव्हेंबर 1964 ला उघडलं. ज्या ख्रुश्चेव्हच्या कारकिर्दीत ते विजय मिळाले त्याला तीनच आठवड्यांपूर्वी घरी बसवण्यात आलं होतं. करंडक जिंकणारा पोरगा घराबाहेर, करंडक काचेत. स्मारकाच्या पोटातल्या संग्रहालयात बेल्का आणि स्त्रेल्का या अंतराळवीर कुत्र्या पेंढा भरून अजून सावध बसलेल्या आहेत. त्या मात्र खरंच जाऊन आल्या होत्या. पलीकडे 540 मीटरांचा ओस्तान्किनो मनोरा, 1967 चा, काही वर्षं जगात सर्वांत उंच. त्याच्यात फिरतं उपाहारगृह, म्हणजे शोकेस पाहायला उंचावर बसायची सोय. अलीकडच्या बाजूला ऑलिंपिकसाठी 1979 मध्ये फ्रेंचांच्या मदतीने उभारलेलं ‘कॉसमॉस’ हॉटेल, आणि त्याच्यासमोर 2005 पासून उंच खांबावर फ्रान्सचे जनरल द गॉल. ते तिथे का, याला कारणं आहेत. पण कपाटात दुबईची बाटली का, यालाही कारण असतंच.

2014 मध्ये जुनं नाव परत आलं. भुयारी रेल्वेच्या स्थानकाला ते गेल्याचं कळलंच नव्हतं. तिथली पाटी 1959 पासून ‘वे-दे-एन-खा’च होती. सफाई सुरू झाली. पत्रे उतरले, मागचे 1954 चे शालू पुन्हा उजेडात आले. मुख्य मंडपात खोट्या भिंतीच्या मागे शिल्पकार येवगेनी वुचेतिच यांचं हरवलं असं समजलेलं भलंमोठं शिल्पचित्र सापडलं: शांतीचा झेंडा धरणाऱ्या सोव्हिएत जनतेचा जयजयकार. कपाटाच्या मागच्या फळीला लावलेलं वर्तमानपत्र काढावं आणि आत आजोबांचा फोटो निघावा, तसं. अंतराळाचा मंडप बियाणं झटकून 2018 मध्ये पुन्हा अंतराळाला मिळाला. 2022 च्या सप्टेंबरात 140 मीटर उंच नवा पाळणा मोठ्या थाटात सुरू झाला आणि लगेचच बिघडून थांबला. जत्रेतल्या पाळण्याचा हा गुण मात्र सर्व राजवटींत समान आहे. वर्षभराने अणुऊर्जेचा झगझगीत नवा मंडप आला. कुणी म्हणेल, आता हे निव्वळ फिरायचं ठिकाण झालं, बर्फावर घसरणाऱ्या पोरांना त्यात राज्यसत्तेचं मन दिसत नाही, तुम्हीच कशाला शोधता? पोरांनी घसरावंच. पण कोणत्या वर्षी पत्रा चढला आणि कोणत्या वर्षी उतरला, सोव्हिएत नक्षी केव्हा लाजेची वाटली आणि केव्हा पुन्हा अभिमानाची, हे पोरांनी ठरवलेलं नाही.

आता ती सोळावी. 1940 मध्ये फिनलंडशी झालेल्या युद्धानंतर कारेलो-फिनिश प्रजासत्ताक निर्माण झालं. 1954 च्या कारंज्यात म्हणून त्याचीही एक सोनेरी मूर्ती. 1956 मध्ये ते प्रजासत्ताक रद्द होऊन रशियाच्या पोटात गेलं. प्रजासत्ताकं 15, बायका 16. नकाशे बदलले, शाळेची पुस्तकं बदलली, राजचिन्हावरची फीत बदलली. पण कारंज्यातली एक बाई काढली तर मांडणीत फट दिसते, म्हणून तिला कुणी हात लावला नाही. पुढे 15 चीही एकी संपली. आर्मेनिया आणि अझरबैजान आपसात लढले, रशिया युक्रेनवर चालून गेला, आणि त्या सोळाजणी गव्हाच्या पेंढीकडे पाठ आणि लोकांकडे तोंड करून उभ्याच आहेत, त्यामुळे एकमेकींकडे पाहण्याचा प्रसंग कुणावर येत नाही. 2019 मध्ये कारंज्याची मोठी दुरुस्ती झाली. सगळ्याजणींना नवा सोन्याचा वर्ख लागला. कारेलो-फिनिश बाईलाही, इतरांइतकाच.